‘चालताना तोल जातो का?’ आशाताईंच्या अर्जातला एक प्रश्न आणि म्हातारपणातलं पडणं

पिंपळनेरच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावर आशाताई घरोघरी फिरत असतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला त्या ठरलेले प्रश्न विचारतात. तंबाखू खाता का? कमरेचा घेर किती? घरात कुणाला साखरेचा आजार आहे का? समोर साठी ओलांडलेलं माणूस असलं की अर्जात आणखी काही प्रश्न येतात. त्यातला एक असा : उभं राहताना किंवा चालताना तुमचा तोल जातो का?

अहिराणीत तो एवढाच होतो : “चालता चालता तोल जास का?”

उत्तर बऱ्याचदा हसण्यावारी नेलं जातं. आता वय झालं, तोल जाणारच. आशाताईंनाही पुढच्या दहा घरांत जायचं असतं. पण घरातलं म्हातारं माणूस एक दिवस मोरीत पाय घसरून अंथरुणाला खिळणार की नाही, याचा सगळ्यात आधी मिळणारा इशारा त्या अख्ख्या अर्जात हाच आहे.

या अर्जाला सरकारी भाषेत ‘समुदाय आधारित मूल्यांकन तपासणी सूची’ म्हणतात. साठीपुढच्यांना त्यात तोलाखेरीज आणखी तीन गोष्टी विचारल्या जातात : हालचालीवर मर्यादा येईल असं काही अपंगत्व आहे का, जेवण, अंघोळ, शौचासाठी दुसऱ्याची मदत लागते का आणि जवळच्यांची नावं किंवा घराचा पत्ता विसरायला होतं का. उत्तर ‘हो’ आलं तर त्या व्यक्तीला आरोग्य केंद्राकडे पाठवायचं असतं. म्हणजे पडण्याचा धोका गावातच ओळखण्याची सोय व्यवस्थेत आहे. पुढे त्याचं काय व्हायला हवं आणि काय राहून जातं, ते समजून घेण्यासारखं आहे.

एका पडण्याची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींमुळे जे मृत्यू होतात, त्यात रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो. यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पासष्टीपुढच्या लोकांपैकी साधारण २८ ते ३५ टक्के लोक वर्षातून एकदा तरी पडतात आणि सत्तरीनंतर हे प्रमाण आणखी वाढतं, असं याच संघटनेच्या २००७ सालच्या अहवालात म्हटलं आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या दर शंभर माणसांमागे जवळपास दहा जण साठीपुढचे होते. तो आकडा आता मागे पडला आहे.

बहुतेक वेळा पडलेलं माणूस उठतं, धूळ झटकतं आणि कुणाला सांगत नाही. सांगितलं तर सून बाहेर जाऊ देणार नाही, ही भीती असते. पण एखादं पडणं खुब्यावर होतं. मांडीचं हाड कमरेच्या सांध्यापाशी मोडतं, त्याला आपण ‘खुबा मोडला’ म्हणतो. जगभरातल्या अभ्यासांत असा फ्रॅक्चर झालेल्या वृद्धांपैकी साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा वर्षभरात दगावल्याचं दिसतं. माणूस मोडलेल्या हाडाने मरत नाही. तो पडून राहिल्यामुळे मरतो : छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, खाणं तुटतं.

पिंपळनेरच्या बाबतीत यात अंतराची भर पडते. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. पण खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी गाडी साक्रीमार्गे धुळ्याला काढावी लागते आणि तिथलं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांना आधी पिंपळनेर गाठावं लागतं, ते वेगळंच. पेशंटबरोबर दोन माणसं जातात, दोघांची मजुरी बुडते आणि परत आल्यावर घरातली एक बाई महिनोन्‌महिने सेवेला बांधली जाते.

याच पट्ट्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे किंवा इतर जिल्ह्यांत जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसं, सोबतीला एखादं शाळकरी नातवंड. अशा घरात रात्री कुणी पडलं तर उचलायलाही कुणी नसतं. पडल्यावर तासाहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहावं लागलं, तर फार मोठी इजा झालेली नसतानाही प्रकृती झपाट्याने ढासळू शकते. अंगातलं पाणी कमी होतं, थंडीत शरीर गार पडतं, दबलेल्या जागी कातडी आणि स्नायू खराब होऊ लागतात.

तोल सांभाळतं कोण?

माणूस दोन पायांवर उभा राहतो, ते तीन ठिकाणांहून येणाऱ्या बातमीच्या जोरावर. डोळे आजूबाजूचं सांगतात. कानाच्या आतलं यंत्र डोकं कुठे झुकलंय ते सांगतं. आणि तळपाय जमिनीची बातमी देतात : ओली आहे, उतार आहे, खडा आहे. मेंदू हे सगळं जुळवतो आणि मांडी-पोटरीच्या स्नायूंना हुकूम सोडतो. पाय अडखळला की पडण्याआधी दुसरा पाय पुढे टाकायला सेकंदाचा काही भागच मिळतो. तरुणपणी तो पुरतो.

वय वाढलं की यातलं एकेक कमी होत जातं. मोतीबिंदूने नजर धूसर होते. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. स्नायू बारीक होतात, विशेषतः मांडीचे. दिवसा यातल्या एकाची उणीव दुसरा भरून काढतो. रात्री अंधारात डोळे कामातून जातात, बधिर तळपाय आधीच गेलेले असतात आणि सगळा भार एकट्या कानावर येतो. दिवसभर शेतात धडधाकट फिरलेली आजी पहाटे लघवीला उठल्यावर दारातच कशी पडली, याचं कोडं इथे सुटतं.

दुसरं एक कारण घरातल्या औषधाच्या पिशवीत असतं. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी जास्त होण्याची गोळी, झोपेची गोळी. झोपलेलं माणूस एकदम उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब क्षणभर खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला आणि वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टर त्याकडे आजार म्हणून बघतात. ही तपासणी करायला साधं रक्तदाबाचं यंत्र पुरतं आणि ते उपकेंद्रातही असतं. फक्त पेशंटला एकदा आडवं करून आणि एकदा उभं करून मोजावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत सगळ्यांना खुर्चीत बसवूनच मोजलं जातं आणि हे निसटतं.

गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. रक्तदाबाची गोळी सोडली आणि पक्षाघात झाला, तर पडणं परवडलं म्हणायची वेळ येईल. सगळ्या गोळ्या, वैद्याच्या पुड्या आणि मेडिकलवाल्याने परस्पर दिलेलं पाकीट एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतायचं आणि काय कमी करता येईल ते विचारायचं.

घर आपलंच, पण

म्हातारी माणसं पडतात ती बहुधा ओळखीच्या जागीच. खानदेशातल्या जुन्या घराचा उंबरठा चांगला उंच. बाहेरच्या उन्हातून आत आलं की डोळ्यांना अंधार आणि नेमका तिथेच पाय उचलायचा असतो. मोरी बसकी, शेवाळलेली. अंगणात शौचालय बांधलंय, पण घरापासून तिथपर्यंत जाणारी वाट कच्ची आणि या पश्चिम पट्ट्यात पाऊस तालुक्याच्या पूर्वेपेक्षा जास्त. पावसाळ्यात ती वाट म्हणजे निसरडा उतारच. बाज इतकी सैल झालेली असते की तिच्या झोळातून उठायला जवानालाही जोर लावावा लागतो. धाब्याच्या घरात वर काही वाळत घातलं असेल तर शिडी आलीच आणि ‘मी चढतो, तुम्ही राहू द्या’ म्हणणारे आजोबाही आलेच.

शौचालयाचं भांडं बहुतेक ठिकाणी उकिडवं बसायचं. बसायला जमतं, उठताना मांडी दगा देते. भिंतीत दोन फुटी लोखंडी पाइप आडवा बसवून घेतला तर हातांना आधार मिळतो. गावातला वेल्डिंगवाला हे तासाभरात करून देतो. उंबरठ्याच्या कडेला पांढऱ्या किंवा पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा, बाजेच्या उशाशी टॉर्च, मोरीत खरबरीत फरशी किंवा निदान आठवड्याला ब्रश. बाज कसून घ्यावी. घसरत्या झिजक्या स्लिपरऐवजी टाचेला पट्टा असलेली चप्पल. यात महागडं काही नाही. मात्र म्हाताऱ्याला न विचारता घरातल्या वस्तू हलवू नयेत, कारण वर्षानुवर्षांच्या सवयीची जागा बदलली की अंधारात तिथेच ठेच लागते.

काठीबद्दल दोन शब्द. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूच्या हातात धरतात, ती उलट बाजूच्या हातात धरायची. डावा गुडघा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. ताठ उभं राहून हात सरळ सोडला की मनगटाच्या सांध्याशी काठीची मूठ यावी, एवढी तिची उंची. खाली रबरी बूच हवं आणि ते गुळगुळीत झालं की बदलायचं. बिनबुचाची काठी ओल्या फरशीवर आधी स्वतः घसरते.

घराबाहेरही एक जागा सांगायची राहते. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि गावोगावच्या आजी-आजोबांचं जाणं-येणं वाढलं. पण एसटीची पहिली पायरी पूर्वी होती तेवढीच उंच आहे आणि स्टँड सोडून चिखलात उभ्या केलेल्या गाडीला ती आणखी उंच होते.

सरकारी दवाखान्यात काय मिळायला हवं

देशात ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी २०१०-११ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात प्रत्येक पायरीला काम वाटून दिलंय. उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जायचं, घरच्यांना काळजी कशी घ्यायची ते शिकवायचं आणि चालायला आधार देणारी साधनं मिळवून द्यायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी ओपीडी. त्यावरच्या समुदाय आरोग्य केंद्रात, म्हणजे महाराष्ट्रात साधारण ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर, आठवड्यातून दोनदा ओपीडी आणि फिजिओथेरपी. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा वॉर्ड.

२०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्य वर्धिनी केंद्रं झाली (आता पाटीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ लिहिलेलं असतं) आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. वृद्धांची काळजी त्यांच्या कामाच्या यादीत आहे. आशाताईंच्या अर्जातलं ‘हो’ पहिल्यांदा पोचतं ते त्यांच्याकडे.

रचना चांगली आहे. अडचण अशी की तिची सगळी मदार शेवटी फिजिओथेरपीवर आणि घरभेटींवर आहे आणि ग्रामीण भागात नेमक्या याच दोन गोष्टी पातळ होतात. गरोदर माता, लसीकरण, क्षयरोग यांचे आकडे वरून विचारले जातात. कोण किती वेळा पडलं, हे कुणी विचारत नाही.

पण फिजिओथेरपिस्ट नसला म्हणजे सगळं अडतं, असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी वृद्धांसाठी घरच्या घरी करायच्या व्यायामांचा एक कार्यक्रम बनवला. पायांची ताकद आणि तोल यांचे सोपे व्यायाम, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास आणि जोडीला चालणं. त्याची एक चाचणी तिथल्या सामुदायिक परिचारिकेमार्फत घेतली गेली. या परिचारिकेला व्यायाम शिकवायचा आधीचा अनुभव नव्हता, तिला फिजिओथेरपिस्टने तयार केलं. पंचाहत्तरीपुढच्या माणसांच्या घरी जाऊन तिने व्यायाम शिकवले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पडण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पिंपळनेरच्या एखाद्या उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि त्या परिचारिकेत फरक आहे तो एवढ्या प्रशिक्षणाचा.

२०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा १०८ चाचण्या, म्हणजे २३ हजारांहून जास्त माणसांचे निकाल एकत्र तपासले. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटतं, असं त्यातून दिसलं. आपल्याकडे ‘आम्ही दिवसभर चालतो, आम्हाला कसला व्यायाम’ असं ऐकू येतं, त्यांच्यासाठी या तपासणीतली एक गोष्ट महत्त्वाची आहे : नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं, असा ठोस पुरावा त्यात मिळाला नाही. उपयोग झाला तो तोलाला आव्हान देणाऱ्या आणि पायांना ताकद देणाऱ्या व्यायामांचा.

ते करायला जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला अंगठा लावून ठेवायचं आणि दहा सेकंद उभं राहायचं. आडवं, खेकड्यासारखं चालायचं. सुरुवातीला शेजारी कुणीतरी उभं हवं आणि धरायला काहीतरी घट्ट. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

धोका किती, हे घरीही बघता येतं. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवायचं. ‘चला’ म्हटल्यावर उठून दहा फुटांवरच्या खुणेपर्यंत नेहमीच्या वेगाने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. हाताला लागत असेल तर काठी चालेल. मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला समजून आरोग्य केंद्रात दाखवावं. गेल्या वर्षभरात एकदा तरी पडलं असेल, तर सेकंद मोजत बसायचीही गरज नाही, दाखवावंच.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘दुसऱ्या डोळ्याने दिसतंय ना’ म्हणून पुढे ढकललं जातं. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅमला ज्या बायकांच्या पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन लवकर केलं गेलं, त्यांचं पडणं प्रतीक्षा यादीत थांबलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी झालं होतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत मोफत होते.

साधनांसाठीही पैसा आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला चष्मा, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३ हजार रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. हे पैसे औषधात आणि किराणात जिरू नयेत, याकडे घरच्यांनी बघायला हवं. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. त्याचं कार्ड हाड मोडायच्या आधी काढून ठेवलेलं बरं. अॅम्ब्युलन्समध्ये बसून आधारला मोबाईल नंबर जोडता येत नाही.

पडल्यावर घाबरून बसवून ठेवू नका

एकदा पडलेल्या माणसाला घरचे प्रेमापोटी बसवून ठेवतात. माय, तू उठू नको, पाणी मी देते. माणूसही घाबरलेलं असतं, ते ऐकतं. मग न वापरलेली मांडी आणखी बारीक होते, तोल आणखी जातो आणि पुढच्या वेळी पलंगापासून मोरीपर्यंतच्या चार पावलांत पडायला होतं. पाणी आणून देण्यापेक्षा पाण्यापर्यंत हात धरून नेणं जास्त उपयोगाचं.

पडल्या क्षणी मात्र उलट करायचं, म्हणजे घाई करायची नाही. चार जणांनी बखोटी धरून उभं करू नये. आधी विचारा कुठे दुखतंय, डोक्याला लागलंय का. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, माणूस तो पाय उचलूच शकत नाही, तर खुबा मोडला असण्याची दाट शक्यता आहे. मालिश नको, पाय ओढून ‘बसवणं’ नको, गावात हाडं बसवणारा कितीही नावाजलेला असला तरी. दोन्ही पायांमध्ये गोधडीची घडी ठेवून पाय एकत्र बांधा, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस बोलत-चालत असलं तरी दवाखान्यात न्यायचं.

काही मोडलेलं नसेल आणि माणूस एकटंच असेल, तर उठायची एक रीत आहे आणि ती चांगल्या दिवशी शिकून ठेवावी लागते. आधी कुशीवर वळायचं. हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं. रांगत बाजेपर्यंत किंवा ओट्यापर्यंत जायचं. दोन्ही हात त्यावर टेकून जास्त ताकदीचा पाय पुढे घ्यायचा आणि मग उठून बसायचं. लगेच चालायला लागायचं नाही.

ऊसतोडीला निघालेली कुटुंबं मागे राहणाऱ्यांसाठी धान्य भरून ठेवतात, औषधं आणून ठेवतात. त्याच दिवशी शेजारच्या घराशी ठरवता येतं : सकाळी आठपर्यंत आजीचं दार उघडलं नाही, तर येऊन बघायचं. मोबाईल फडताळात वर ठेवायचा नाही, कमरेच्या पिशवीत ठेवायचा, कारण जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात फडताळापर्यंत पोचत नाही. आशाताईंचा नंबर त्यात आधीच टाकून ठेवायचा. आणि त्या अर्ज घेऊन येतील तेव्हा चौथ्या प्रश्नापर्यंत थांबून, गेल्या पावसाळ्यात अंगणात पडल्याचं लपवलेलं होतं, तेही सांगून टाकायचं.